जायला पाच, यायला साडेतेरा

२४ एप्रिल १९८८, रविवार. मेहरूण, जळगाव

जळगाव-धुळ्याच्या प्रवाशांनो! थांब्यावरच्या लिंबाखाली अर्धं आयुष्य उभ्याने काढलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो!

सुरुवात हीच. पहिल्या वाक्यालाच दुखऱ्या जागी बोट. मग थांबायचं. लोक एकमेकांकडे बघतील, कुणीतरी हसेल. मग दुसरं वाक्य — आणि ते आज सापडलं!

ग्रंथालयात नाही सापडलं. रमजानच्या गाडीवरून भजी आणली होती, त्या पुडीत सापडलं. भजी संपली की पुडी वाचायची ही माझी सवय. वहिनी म्हणते, पत्रावळीवर अक्षरं असती तर कुंदा पंगतीतून उठलीच नसती. पुडी इंग्रजी पेपरची होती. तेलाच्या डागाखाली विमानांचं वेळापत्रक. मुंबई — सकाळी सातला सुटते. लंडन — दुपारी बाराला पोचते. त्याखालचा कागद फाटलेला.

सात ते बारा. पाच तास!

साडेचार हजार मैल! समुद्र, वाळवंट, बर्फाचे डोंगर, कोणकोणते देश — सगळं ओलांडून पाच तास! आणि आपण? शिंदखेड्याहून मुंबईला जायचं तर गाडी वेळेवर सुटल्यास बारा तास. सुटल्यास!

"प्रवाशांनो, मुंबईला शिंदखेड्यापेक्षा लंडन जवळ आहे!"

झालं. भाषण तयार आहे. आता फक्त धुळ्याला जाऊन उभं राहायचं.

१ मे, रविवार. धुळे

प्रवासी मेळावा. मंडप भरून माणसं बाहेर उन्हात उभी. माझ्या आधी चार वक्ते बोलले, चौघांनीही "आपल्या भागावर अन्याय" असं म्हटलं आणि पाणी प्यायले. मग मी उठले. "पाच!" म्हणून पंजा उघडला आणि तसाच धरून ठेवला. मग "बारा!" — आणि टाळ्या, शिट्ट्या, एकाने तर टोपी उडवली.

खाली उतरल्यावर एक म्हातारे बाबा वाट अडवून उभे. "बाई, हाई बठ्ठं खरं शे का?"

"अक्षर न् अक्षर, आबा!"

पुढच्या रांगेत माझी वहिनी, यशोदाबाई. अमळनेरहून बहिणीकडे आली होती, तिथून बहिणीला घेऊन सभेला. सगळ्या बायका टाळ्या वाजवत होत्या. ही एकटी बोटांची पेरं मोजत बसलेली.

परतीची बस मुकटीच्या पुढे बंद पडली. निम्मी गाडी सभेहूनच आलेली. कंडक्टर मागे वळून ओरडला, "चला लंडन, लंडन! उतरा, धक्का मारा!" सगळी गाडी हसली. मीही हसले. थोड्या वेळाने.

२ मे

घसा पूर्ण बसला. मिठाच्या गुळण्या. शेजारी सुखात आहेत.

६ मे, शुक्रवार. अमळनेर

शाळेला सुट्टी लागली, भावाकडे आले. आणि दारातच बातमी!

रत्नाला शिष्यवृत्ती मिळाली! माझी भाची रत्ना. दहावीपर्यंत मेहरूणला माझ्याजवळ, तिच्या आत्याजवळ — ती 'फुई' म्हणते — राहून शिकली, आता राहुरीला शेतीची पदवी संपवली. कपाशीवरची बोंडअळी हा तिचा विषय. लंडनजवळच्या एका विद्यापीठाने दोन वर्षांसाठी बोलावलं आहे. तिकिटासकट! महिनाअखेरपर्यंत होकार पोचला पाहिजे.

माझ्या भावाने, सुकदेवभाऊंनी, पत्र दोनदा उलटं-सुलटं केलं. "तठे कपाशी पिकस का?"

"नाही पिकत, बाबा."

"कपाशी नही, बोंडअळी नही, आनी शिकवतीन कपाशीनी बोंडअळी!" मग विडा लावता लावता म्हणाले, "आमना आजाना टाइमले कपाशी लई ग्यात. आते पोर लई चालनात."

बंधूंनी एका वाक्यात दीडशे वर्षांचा इतिहास सांगितला! हे वाक्य मी चोरणार आहे. पण आत्ता नाही. आत्ता ते माझ्या विरुद्ध बाजूचं आहे.

भाऊंचा नकार नाही. होकारही नाही. "तिनी मायले इचारा." आणि रत्नाने स्पष्ट सांगितलं — आई हो म्हणाली तर जाईन, नाहीतर नाही. तर सगळं येऊन थांबलं वहिनीपाशी. वहिनी भाकरी थापत राहिली.

मी तीस वर्षं गावोगाव ओरडत फिरले — मुलींना शिकवा, मुलींना बाहेर पाठवा! आता घरच्या मुलीची पाळी आली. ही जर चुलीपाशी अडली तर मी कुठल्या तोंडाने पुन्हा माईकपुढे उभी राहू?

७ मे, शनिवार

रात्रभर मुद्दे काढले. सात मुद्दे, तीन दाखले, शेवटी एक अश्रू ढाळायला लावणारं वाक्य.

सकाळी गच्चीवर गेले. वहिनी ज्वारीच्या बिबड्या, आमचे खानदेशी पापड, उन्हात घालत होती. मी घसा साफ केला. ती मान वर न करता म्हणाली,

"कुंदा, तू धुळाले कितला तास सांगात? पाच ना?"

"पाच."

"आनी राहुरीले कितला लागतस?"

रत्ना कावळे हाकलत म्हणाली, "सकाळी निघालं की दिवेलागण होते, आई."

"मंग राहुरी दूर शे. लंडन जवळ शे." बिबडीवर ओला हात फिरवला. "चार वरीस दूर धाडी. जवळ धाडाले काय शे? जाऊ दे तिले."

संपलं! सात मुद्दे पोटातच राहिले. जिंकले, पण मजा नाही आली. मला इतका फुकटचा विजय पचत नाही.

११ मे, बुधवार

घात!

दुपारी समोरच्या भिकुबाई आल्या. पाय पसरून बसल्या, पाणी प्यायल्या, आणि सुरू! "म्हंजे पोरले एकली धाडी ऱ्हायनी का तू? इलायतले? लगीन नही, काही नही! माय शे का कोन शे तू, यशोदा?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनीनेच रत्नाला हाक मारली. "तो गाडीना टाइमना कागद लय वं. बठ्ठा वाची दखाड."

रत्नाकडे तिकीटवाल्याने पाठवलेलं वेळापत्रक होतं. फाटकं नव्हे, पूर्ण. तिने वाचलं. जायचं — सात ते बारा. यायचं — लंडनहून रात्री दहाला निघून दुसऱ्या दिवशी साडेअकराला मुंबई.

वहिनीची पेरं सुरू झाली. दहा, अकरा, बारा... मीही मनात मोजत होते.

"साडेतेरा! जावाले पाच, येवाले साडेतेरा?" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की गल्लीतलं कुत्रं उठलं. "वो माय! हाई त सासरनं गाव शे! जावानी वाट उतारनी, माहेरनी वाट चढनी! नही धाडनी माले पोर!"

"वहिनी, अगं, प्रश्न जाण्याचा आहे —"

"जावाना? आपन घरम्हाइन निंघतांना काय म्हनतस? 'जास' म्हनतस का? 'येस' म्हनतस! तुम्ही शिकेल लोके बी 'येते' म्हनतस. म्हंजे येवानं बोलीसनच बाई उंबरा वलांडस. मंग येवाना तास पह्यले मोजा!"

  आपल्या भाषेत निघणाऱ्या बाईला 'जाते' म्हणायची सोयच ठेवलेली नाही — हे मी कधी पाहिलं कसं नाही?

भिकुबाई उठल्या. "आते कशी मायसारखी बोलनी!" आणि तडक शेजारच्या घरात शिरल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं — यशोदाने पोरीला अडवलं.

रत्नाला शोधत गेले. वाटलं, रडत असेल. ती ओसरीवर आंबा चोखत बसलेली.

"तुला काहीच वाटत नाही? तुझं रक्त आहे की ताक?"

"फुई, आंबा गोड आहे. घे एक."

१३ मे

पण साडेतेरा का? जाताना पाच आणि येताना साडेतेरा! एवढं शिकलेलं विमान, त्याला परतीची वाट सापडत नाही?

मी म्हटलं, वारा असेल. समोरून येत असेल.

भाऊ म्हणाले, "इतला वारा? मंग पाखरेसनी काय करानं?" विडा चघळत विचार केला. "चढ व्हई. लंडन खाले ऱ्हाई, आपन वर."

ज्ञानकोश बघावा तर कॉलेजचं ग्रंथालय सुट्टीत बंद. मी शाळेत शिकवते त्या इतिहासाच्या पुस्तकांत जहाजांची माहिती आहे. विमान एकाही राजाने वापरलेलं नाही.

१५ मे, रविवार

आज भाजीबाजारात बन्सीलाल गुरुजी भेटले. आमच्याच शाळेत भूगोल शिकवतात, राहतात अमळनेरला, रोज पॅसेंजरने ये-जा. हातात गिलके. मला बघितलं आणि गिलके छातीशी धरून हसायलाच लागले.

"बाई, धुळ्याचं भाषण पेपरात वाचलं! साडेचार हजार मैल, पाच तासात! म्हणजे ताशी नऊशे मैल! आवाजसुद्धा एवढा पळत नाही हो. तुमचा सोडून."

"गुरुजी, छापलेलं होतं. सात ते बारा."

"सात मुंबईचे. बारा लंडनचे! आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेचार झालेले असतात. सूर्य काय तुमच्या मेळाव्याला थांबतो?"

 शाळेत असताना शिकले होते की! पृथ्वी फिरते, पूर्वेला आधी उजाडतं — सगळं ठाऊक होतं. पण वाक्य इतकं सुंदर होतं! वाक्य सुंदर असलं की मी त्याच्या घरी चौकशीला जात नाही.

जाताना साडेनऊ तास. येताना साडेतेरातून साडेचार गेले — नऊ.

"पाच हजार माणसांसमोर बोलले मी, गुरुजी."

"पेपरात आठशे होती."

"टाळ्या पाच हजारांच्या होत्या."

"मग त्यांचंही घड्याळ लंडनचंच असेल," म्हणाले, आणि पुन्हा हसत गेले. शाळा उघडली की काय होणार!

पण एक आशा. येणं जाण्यापेक्षा कमी! वहिनीचा मुद्दा मुळातूनच गेला!

१६ मे, सोमवार

कलिंगड घेतलं. बॅटरी घेतली. खोलीत अंधार केला. वहिनीला समोर बसवलं, रत्नाच्या हातात बॅटरी दिली.

"ही पृथ्वी. हे अमळनेर." कलिंगडाला कुंकवाचा टिळा लावला. "हे लंडन." हळदीचा. "आता बघ, अमळनेरला उजेड आला, लंडन अजून झोपलेलं आहे."

वहिनी कलिंगड टिचकीने वाजवून बघत होती. "पिकेल शे. काप, नही त नासी जाई."

कापलं. खाता खाता समजावलं. आणि तिला समजलं! माझ्यापेक्षा लवकर समजलं. "म्हंजे आठे मी दुपारना चहा लिसू, तवय ती तठे जेवाले बसी." बरोब्बर! "आनी जावाले साडेनऊ, येवाले नऊ. येवानं कमी." बरोब्बर, बरोब्बर!

"मग हो म्हण!"

तिने बी थुंकली. "मंग धुळामां पाच कसाले सांगं? मी जे मानं ते तुनं आयकीसन मानं. भिकुबाईले बी मी पाचच सांगं. गल्लीना बठ्ठासले पाच सांगं. आते मी साडेनऊ सांगू त माले येडी म्हनतीन."

"मी सांगते भिकुबाईंना."

"वट्टावर बशीसन नही. सभा ले. बठ्ठा बायासना समोर सांग का तू चुकनी. आनी काय सांगानं ते सांग — पोर कसाले धाडानी, ते बी सांग. मंग मी देखसू."

म्हणजे अट. रत्नाचं जाणं आता एका सभेवर! सभेला मी भीत नाही. पण "मी चुकले" असं म्हणायची सभा?

२० मे

तीस वर्षं बोलते आहे. "चुकले" हा शब्द व्यासपीठावर एकदाही वापरलेला नाही. आरशासमोर सराव केला. "भगिनींनो, मी चु—" आणि खोकला येतो.

रत्ना दाराआडून बघत होती. म्हणाली, "फुई, 'सरकार चुकलं' असं सुरू कर. मग सरकारच्या जागी हळूच स्वतःला बसव."

कारटी!

२२ मे, रविवार

शाळेच्या पटांगणात सभा. वहिनीने घरोघर जाऊन बायका गोळा केल्या. एवढी धडपड तिने लग्नाच्या आमंत्रणालासुद्धा केली नसेल. पहिल्या रांगेत भिकुबाई, पदराखाली शेंगदाणे.

"भगिनींनो! धुळ्याला मी पाच तास सांगितले. ते चुकीचे होते. मी चुकले."

म्हटलं! आभाळ नाही कोसळलं. उलट बायका खुश झाल्या! भिकुबाईंनी तर टाळी वाजवली. माझ्या कुठल्याच बरोबर वाक्याला त्यांनी आजवर टाळी दिलेली नव्हती.

मग साडेनऊ समजावलं, नऊ समजावलं. कलिंगड नव्हतं, तांब्यावर भागवलं. तेवढ्यात मागून सलीमा उठली. शिलाईकाम करते, नवरा कादर मस्कतला आहे.

"कुंदाबाई, ये घंटे-वंटे छोडो. हमारे इनको मस्कत जायला तीन घंटे लागतात. और वापस यायला दो साल! विमान नही रोकता बाई, छुट्टी रोकती. पोरीला विचारा, छुट्टी कब मिलेगी."

 साडेचार हजार मैल मी महिनाभर मोजतेय, आणि हिने मोजपट्टीच माझ्या हातातून काढून घेतली.

रत्ना उभी राहिली. "सलीमामावशी, दर वर्षी एक महिना. लिहून दिलंय त्यांनी."

"फिर भेज दो," सलीमा म्हणाली आणि बसली.

मग मात्र माझा घसा सुटला! म्हटलं, ऐका! दीडशे वर्षं आपली कपाशी गाठोडं होऊन बोटीत गेली. तिला कुणी विचारलं नाही, परत ये म्हटलं नाही. आज पहिल्यांदा कपाशी जाणणारी मुलगी स्वतःच्या पायांनी विमानात चढते आहे — शिकून परत यायला! आणि तुम्ही तिला अडवता? तिची आई अडवते, बाप विडा चघळत गप्प बसतो, गल्ली कुजबुजते! पण मी तिची फुई आहे! मी पाठवणार! कुणाची हिंमत असेल त्याने मला अडवावं!

भिकुबाई शेजारणीला म्हणाल्या, मला ऐकू जाईल अशा बेताने, "स्वतः नही करं लगीन, आते भाची बी बिघाडी."

वहिनी उठली. डोळ्यांना पदर. सगळ्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या.

"आते मी काय करू, बाया? मनी नणंद आयकत नही. तिनापुढे कोनं चालनं का आजलोंग? जाऊ द्या. धाडस मी पोर."

जिंकले! भरसभेत, सगळ्यांच्या साक्षीने! भाऊंनी घरी आल्यावर स्वतःच्या हाताने विडा लावून दिला. घसा बसलाय, पण आज गुळण्या करणार नाही. बसू दे.

२३ मे, सोमवार

सकाळी साडी नेसून तयार झाले. म्हटलं, वहिनी, चल, आज तार करून होकार कळवू, दिवस थोडे राहिले.

वहिनी लोणच्याच्या कैऱ्या पुसत होती. "होकार? तो मी नऊ तारीखलेच टाकी दिधा. रत्नाले संगे लई गयथू पोस्टमां."

नऊ! अकराच्या नकाराच्या आधी!

"मग साडेतेरा? ते 'येस म्हनतस'? कलिंगड? सभा?"

"कुंदा, लोके नावे ठेवतीन. मायले ठेवी त उद्या पोरनं लगीन अडी. तुले ठेवी त —" कैरी पुसून बाजूला ठेवली. "तुले काय व्हस? तुले सवय शे."

रत्ना आत पळाली. मी हसत सुटले, मग हसता हसता दुसरंच काहीतरी व्हायला लागलं, म्हणून आत येऊन हे लिहितेय.

अमळनेरकरांनो! वट्ट्यावरच्या बायांनो, पारावरच्या बाप्यांनो! यशोदाबाईला एक शब्द बोलाल तर याद राखा. पोरीला लंडनला मी पाठवली. नावं ठेवायची तर मला ठेवा — कुंदा धनसिंग पाटील, राहणार मेहरूण — आणि जरा मोठ्याने ठेवा!